डग हर्बर्ट आणि ‘ब्रेक्स’: शर्यतीच्या धावपट्टीवरची ड्रायव्हिंग शाळा

हर्बर्टांच्या घरात वेग हा पोटापाण्याचा धंदा होता. वडील चेट हर्बर्ट ऐन तारुण्यात पोलिओने खिळले आणि त्यांचा पुढचा जन्म चाकाच्या खुर्चीत गेला. त्याच खुर्चीतून त्यांनी कॅलिफोर्नियातल्या ड्रॅग रेसिंगच्या, म्हणजे सरळ आखूड पट्टीवरच्या शर्यतींच्या, पहिल्या पिढीला रोलर कॅमशाफ्ट पुरवले. इंजिनाच्या व्हॉल्व्हची उघडझाप ठरवणारा हा दांडा. तो नीट घडवला, तर तेच इंजिन कितीतरी जास्त ताकद देतं. मुलगा डग त्याच वर्कशॉपच्या तेलकट वातावरणात वाढला आणि टॉप फ्युएल या सगळ्यात वरच्या गटाचा चालक झाला. नायट्रोमिथेन या जबर इंधनावर चालणाऱ्या या गाड्या थांबलेल्या स्थितीतून ताशी 160 किलोमीटरचा वेग सेकंदाच्या आत गाठतात आणि थांबायला पॅराशूट उघडावं लागतं. एनएचआरए या मुख्य अमेरिकी मालिकेत डगच्या नावावर दहा विजय आहेत. पुढे त्याने उत्तर कॅरोलायनात, शार्लट शहराजवळ बस्तान बसवलं. अमेरिकेतल्या मोटर शर्यतींचं बरंचसं गणगोत याच परिसरात राहतं.

26 जानेवारी 2008 या दिवशी तो हंगामाआधीच्या चाचण्यांसाठी अ‍ॅरिझोनात, फीनिक्सजवळ होता. तिथे त्याला घरून फोन आला. त्याची दोन मुलं, थोरला 17 वर्षांचा आणि धाकटा 12 वर्षांचा, घराजवळच्या रस्त्यावर अपघातात गेली होती. दोघं सकाळी काहीतरी खायला निघाले होते. गाडी थोरला चालवत होता. वेगात होता, पुढच्या गाड्या ओलांडत होता, आणि समोरून येणाऱ्या गाडीशी टक्कर झाली. दोष मुलाचा होता ही गोष्ट डग हर्बर्टने कधी लपवली नाही. उलट त्याच वर्षी उभ्या राहिलेल्या संस्थेचा पाया तीच आहे.

संस्थेचं नाव ‘ब्रेक्स’. ‘बी रिस्पॉन्सिबल अँड कीप एव्हरीवन सेफ’ या शब्दांची आद्याक्षरं जुळवून ते केलेलं आहे. ती ना-नफा संस्था आहे. पहिले विद्यार्थी म्हणजे गेलेल्या मुलांचे मित्र.

हे प्रकरण मी निवडलं ते करुण कहाणी सांगण्यासाठी नव्हे. अशा कहाण्यांतून उभ्या राहिलेल्या संस्था जगभर आहेत. आपल्याकडे ‘सेव्हलाइफ फाउंडेशन’ही पीयूष तिवारी यांनी 2008 सालीच, नात्यातल्या एका मुलाच्या अपघाती मृत्यूनंतर उभारली, आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर तिचं काम पुढे बरंच गाजलं. पण तिवारींची वाट कायदा, पोलीस, रस्त्याची रचना आणि जखमींना मिळणारी मदत अशी गेली. हर्बर्ट चालक होता, त्यामुळे त्याने चालक घडवायला घेतला. संस्थापक ज्या पेशातून येतो, त्या पेशाची हत्यारं तो संस्थेला देतो. ती कुठे धारदार ठरतात आणि कुठे बोथट, हे या प्रकरणात फार स्वच्छ दिसतं.

पंधराव्या वर्षी गाडी

उत्तर कॅरोलायनात मूल 15 वर्षांचं झालं की शिकाऊ परवाना मिळू शकतो. त्याआधी 30 तासांचा वर्ग आणि 6 तास प्रत्यक्ष गाडी, असा अभ्यासक्रम असतो. त्यानंतर पालकाला शेजारी बसवून सराव करायचा आणि तासांचा तक्ता भरायचा. सोळाव्या वर्षी एकट्याने चालवायची मुभा मिळते, पण रात्री 9 नंतर नाही, आणि 21 वर्षांखालचा एकच प्रवासी. टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची ही पद्धत या राज्याने 1997 सालीच आणली, अमेरिकेत अगदी सुरुवातीला. म्हणजे ‘ब्रेक्स’ मोकळ्या रानात उभी राहिलेली नाही. नियम होते, शिक्षण होतं, परीक्षा होती.

प्रवाशांच्या अटीत एक सवलत मात्र आहे. घरातली भावंडं मोजली जात नाहीत. त्यामागचा व्यवहार समजतो, कारण थोरल्याने धाकट्याला शाळेत सोडलं तर आईवडिलांची एक फेरी वाचते. पण आकडे काय सांगतात? अमेरिकेतल्या एएए फाउंडेशन या रस्ता सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेने 2012 साली 16-17 वर्षांच्या चालकांचा अभ्यास केला. शेजारी 21 वर्षांखालचा एक प्रवासी असला, तर चालकाच्या मृत्यूचा धोका 44 टक्क्यांनी वाढतो. दोन असले तर दुप्पट, तीन किंवा जास्त असले तर चौपट. आणि 35 वर्षांवरचा माणूस बसलेला असेल, तर तोच धोका 62 टक्क्यांनी उतरतो. गाडी तीच, हात तेच, रस्ताही तोच असू शकतो. फरक पडतो तो शेजारच्या सीटवर कोण आहे याने.

ही आकडेवारी ‘ब्रेक्स’ सुरू झाल्यानंतर चार वर्षांनी आली. पण शेजारच्या सीटचं महत्त्व हर्बर्टच्या रचनेत आधीपासून होतं, कारण शिबिरात पालकाला बरोबर यावंच लागतं. मुलाला सोडून कॉफी प्यायला जायची सोय नाही.

शिबिरात काय होतं

संस्थेचं घर म्हणजे कॉनकॉर्ड गावातली झीमॅक्स ड्रॅगवे ही चार लेनची शर्यतीची धावपट्टी. ती 2008 सालीच उघडली. गाड्या किया कंपनी पुरवते. शिकवणाऱ्यांत आजी-माजी पोलीस आहेत, स्टंट ड्रायव्हर आहेत, शर्यतीतले चालक आहेत. बाहेरगावी फिरती शिबिरंही होतात. फी जवळजवळ नसतेच. बराच काळ 99 डॉलर अनामत घेत आणि मागितली तर परत देत. देणगीदारांच्या जिवावर चालणाऱ्या संस्थेने एवढी रक्कम तरी का घ्यावी, याचं उत्तर शिबिर भरवलेल्या कुणालाही ठाऊक असेल. फुकटच्या जागेवर लोक नाव घालतात आणि शनिवारी सकाळी येत नाहीत.

अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम. सुरुवातीला वर्गात थोडं बोलणं, मग गाड्यांकडे. आरटीओच्या मैदानात आठचा आकडा काढून परवाना मिळवलेल्या माणसाला इथलं सगळं उलटं वाटेल. तिथे गाडी हळू आणि ताब्यात ठेवून दाखवायची असते. इथे गाडी ताब्यातून जाण्याच्या क्षणापासून धडा सुरू होतो.

पहिला धडा करकचून ब्रेक मारण्याचा. ऐकायला सोपं आहे. पण नव्या चालकाने आयुष्यात कधीच ब्रेक पूर्ण ताकदीने दाबलेला नसतो, कारण शिकवताना त्याला ‘हळू, हळू’ एवढंच सांगितलेलं असतं. शिवाय एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, चालू झाली की पायाखाली पॅडल थरथरतं आणि खडखड आवाज येतो. मुलाला वाटतं काहीतरी तुटलं, आणि तो पाय उचलतो. नेमका उचलायचा नसतो तेव्हाच. त्यामुळे मोकळ्या डांबरावर तेच पुन्हा पुन्हा करून घेतात, जोवर ती थरथर पायाच्या ओळखीची होत नाही.

दुसरा धडा मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि तो मराठी वाचकाला सांगायलाच हवा, कारण आपल्या प्रत्येक राज्य महामार्गावर त्याची परीक्षा रोज होते. साईडपट्टीचा धडा. डांबर संपतं तिथे कडेला चार बोटांचा खड्डा पडलेला असतो. समोरून ट्रक येतो, आपण गाडी बाजूला घेतो, आणि डाव्या बाजूची चाकं त्या खड्ड्यात उतरतात (अमेरिकेत उजव्या बाजूची). माणूस घाबरतो आणि स्टिअरिंग उलट दिशेला खेचतो. पण टायरची कड डांबराच्या उभ्या कडेला घासत राहते, वर चढत नाही. म्हणून तो आणखी खेचतो. मग एका क्षणी चाक टुणकन वर येतं. तोवर स्टिअरिंग इतकं वळलेलं असतं, की गाडी तिरकी होऊन थेट समोरच्या लेनमध्ये घुसते. बघणाऱ्याला वाटतं, चालकाला डुलकी लागली असावी. खरं तर तो जागा होता आणि जिवाच्या आकांताने गाडी वाचवत होता.

यावरचा उपाय अंगवळणी पडलेल्या सगळ्या सवयींच्या विरुद्ध आहे. ब्रेक मारायचा नाही. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग घट्ट आणि सरळ धरायचं, चाक खाली असेल तर खालीच राहू द्यायचं. वेग पुरता उतरला, मागेपुढे पाहिलं, की हलक्या हाताने वर यायचं. ‘ब्रेक्स’च्या मैदानात हे खोट्या कडेवर प्रत्यक्ष करायला लावतात. अर्थात याच दुखण्यावर रस्ता बांधणाऱ्यांकडेही इलाज आहे. अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनाने डांबराची कड उभी न सोडता 30 अंशांच्या उतारात दाबून घ्यायची पद्धत पुढे आणली. त्या उतारावरून चाक आपसूक वर येतं. हजारो मुलांना शिकवण्यापेक्षा कड तिरकी करणं स्वस्त पडतं, हे मनात ठेवून पुढे वाचावं.

बाकीचे धडे भरभर सांगतो. शेवटच्या क्षणी इशारा मिळाल्यावर लेन बदलून अडथळा चुकवणं. मागची चाकं घसरायला लागली की नजर आणि स्टिअरिंग जायच्या दिशेला ठेवणं. मोठ्या ट्रकच्या चालकाला आरशात काय दिसत नाही ते त्याच्या जागेवर बसून पाहणं. आणि केशरी कोनांच्या नागमोडी रांगेतून फोनवर मेसेज लिहीत गाडी नेणं. हे शेवटचं साधत नाही, तेच दाखवायचं असतं. ताशी 90 किलोमीटरला गाडी सेकंदाला 25 मीटर जाते. फोनकडे पाच सेकंद पाहिलं, की सव्वाशे मीटर डोळे मिटून चालवल्यासारखंच. हा हिशेब वर्गात सांगून डोक्यात जात नाही, कोन गाडीखाली आडवे झाले की जातो. पालकांनाही गाडीत बसवतात, आणि ज्याने वीस वर्षं एका हाताने स्टिअरिंग धरलंय त्याचेही कोन पडतात.

शार्लट हे बँकांचं शहर आहे. तिथे आयटीत काम करणारी मराठी कुटुंबं बरीच आहेत आणि त्यांची मुलं पंधराची होतात तेव्हा तासांचा तक्ता भरायची पाळी आपल्याच माणसांवर येते. यातले अनेक आईबाबा पुण्यात किंवा नागपुरात दुचाकीवर वाढलेले, चारचाकी मोठेपणी शिकलेले, तीही अमेरिकेत रस्त्याच्या उलट बाजूने. त्यांना स्वतःला करकचून ब्रेक मारायची वेळ आली असेल, पण तो कसा मारायचा हे कुणी शिकवलेलं नसतं. मग मुलाच्या शेजारी बसून ते जे शिकवतात ते म्हणजे सूचनांचा भडिमार: सिग्नल बघ, हळू घे, अंतर ठेव. पालकाला मैदानात उतरवण्याचा खरा फायदा इथे होतो. घरी परतल्यावर गाडीत दोघांनाही तोच अनुभव असतो आणि बोलायला तीच भाषा.

शर्यतवाला बाप आणि त्याची हत्यारं

आता अवघड भाग. ज्या मुलाच्या मृत्यूतून ही संस्था निघाली, त्याला कोणतं कौशल्य कमी पडलं? बाप टॉप फ्युएल चालवणारा, आजोबा कॅमशाफ्टचे कारागीर. गाडी म्हणजे काय हे त्याला वयाच्या मानाने कितीतरी जास्त कळत असणार. कमी पडला तो निर्णय: आत्ता, इथे, धाकटा भाऊ शेजारी असताना, ओलांडायचं नाही. असा निर्णय घसरत्या गाडीवरच्या सरावाने शिकवता येतो का?

संशोधन इथे हर्बर्टच्या बाजूने फारसं उभं राहत नाही. नॉर्वेने 1979 साली नव्या चालकांना घसरड्या रस्त्यावरचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. 1988 साली त्याचा हिशेब मांडला, तेव्हा तरुण पुरुषांचे तसले अपघात कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले. कारण कळल्यावर फार नवल वाटत नाही. गाडी घसरली तर सावरता येते असं कळलेला मुलगा बर्फात थोडी जोरातच चालवतो. 1996 साली स्वीडनमध्ये एका प्रयोगात काहींना घसरड्या रस्त्यावरचं कौशल्य शिकवलं आणि काहींना फक्त त्या कौशल्याची मर्यादा दाखवून दिली. कौशल्यवाल्यांना आपण जास्त चांगलं चालवतो असं वाटायला लागलं. प्रत्यक्ष चाचणीत दोन्ही गट सारखेच निघाले. अमेरिकेतही जॉर्जिया राज्यातल्या डीकाल्ब काउंटीत 1970च्या दशकाच्या शेवटी 16,000च्या आसपास शाळकरी मुलांवर मोठा प्रयोग झाला. त्या काळी उत्तम मानला जाणारा अभ्यासक्रम दिला, आणि अपघातांवर टिकाऊ परिणाम सापडला नाही.

‘ब्रेक्स’ यावर स्वतःचा आकडा पुढे करते. यूएनसी शार्लट या विद्यापीठाच्या अभ्यासानुसार शिबिर केलेल्या मुलांचा अपघात होण्याची शक्यता 64 टक्क्यांनी कमी असते. आकडा घसघशीत आहे, आणि अभ्यास बाहेरच्या विद्यापीठाने केलेला आहे. पण शनिवारची अर्धी सकाळ मोडून मुलाला मैदानात आणणारे आईबाप कोण असतात? तेच, जे एरवीही चावी देताना चार प्रश्न विचारतात. अशा घरातली मुलं शिबिराशिवायही कमी धडकतील. 64 टक्क्यांतला किती वाटा मैदानाचा आणि किती घराचा, हे त्या आकड्यातून वेगळं काढता येत नाही. देणगी मागताना हा आकडा सांगणं मी समजू शकतो. एखाद्या राज्याने त्यावरून शिबिर सक्तीचं केलं, तर मात्र ती घाई होईल. सक्ती झाली की काळजी करणारे आईबाप आणि नुसतं प्रमाणपत्र हवं असणारे आईबाप एकाच रांगेत उभे राहतात. नॉर्वेत नेमकं सक्तीचंच प्रशिक्षण होतं.

हर्बर्टच्या स्वतःच्या खेळाने मृत्यूला कसं उत्तर दिलं, तेही बघण्यासारखं आहे. जून 2008 मध्ये, मुलं गेल्यानंतर पाच महिन्यांनी, टॉप फ्युएलच्या जोडीच्या फनी कार गटातला स्कॉट कॅलिटा न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाउनच्या धावपट्टीवर अपघातात मरण पावला. दोन आठवड्यांच्या आत एनएचआरएने या दोन्ही गटांची शर्यत 1,320 फुटांवरून 1,000 फुटांवर आणली. पाव मैलाची अनेक दशकांची परंपरा मोडली. गाडीला थांबायला 320 फूट जास्त मिळाले. कॅलिटापेक्षा जास्त चांगले चालक घडवू, असं तिथे कुणी म्हणालं नाही. जगातल्या सगळ्यात तरबेज चालकांवरही त्या खेळाने भिस्त ठेवली नाही, अंतर बदललं. आणि त्याच वर्षी त्याच खेळातला एक माणूस शाळकरी पोरांना ब्रेक मारायला शिकवत होता.

यात मला विसंगती दिसते, पण दोष द्यावासा वाटत नाही. खेळाचा नियम बदलायचा अधिकार एका संघटनेकडे असतो. राज्याच्या परवाना कायद्यातली भावंडांची सवलत काढायची तर विधिमंडळ लागतं आणि लाखो आईबापांची नाराजी ओढवून घ्यावी लागते. हर्बर्टकडे होतं ते म्हणजे धावपट्टी, ओळखीचे चालक, प्रायोजकांशी बोलायची सवय आणि एक नाव. त्यातून जे उभं राहू शकत होतं ते त्याने उभं केलं.

शिवाय त्याच्या तोंडून एक गोष्ट पोरं ऐकून घेतात, जी पोलिसाच्या किंवा मास्तरच्या तोंडून ऐकत नाहीत. रस्त्यावर शर्यत नको असं शर्यत जिंकणारा माणूस सांगतो. त्याच्या गाडीला पिंजरा असतो, अंगावर अनेकपदरी पट्टे, आग सोसणारा पोशाख, समोर रिकामी धावपट्टी, कडेला रुग्णवाहिका. घराजवळच्या दुपदरी रस्त्यावर यातलं काही नसतं, समोरून कुणीतरी येतच असतं. स्वीडनच्या प्रयोगात ज्या गटाला फाजील आत्मविश्वास आला नाही त्याला जे शिकवलं ते हेच होतं: तुझ्या हातात वाटतं त्यापेक्षा कमी आहे. ‘ब्रेक्स’च्या मैदानातले कोन पडतात तेव्हा तोच धडा होतो. घसरती गाडी सावरता येते तेव्हा मात्र उलटा धडा होण्याची भीती असते. एकाच सकाळी दोन्ही चालू असतात, आणि घरी जाताना मुलाच्या डोक्यात कोणता राहील हे शेजारी उभ्या असलेल्या प्रशिक्षकाच्या दोन वाक्यांवर ठरतं. महाराष्ट्रात कुणाला असं शिबिर काढायचं असेल, तर पैसे गाड्यांवर घालण्याआधी त्या दोन वाक्यांवर घालावेत. आणि घसरण्याचा धडा कधीही यशावर संपवू नये. शेवटची फेरी अशा वेगाने घ्यावी की गाडी सावरणारच नाही.

64 टक्क्यांचा प्रश्न सोडवायला तर फार खर्चही नाही. जिथे शिबिराच्या जागा भरतात आणि नावं मागे राहतात, तिथे कोणाला जागा द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं. जागा मिळालेली आणि न मिळालेली, दोन्हीकडची मुलं काळजी करणाऱ्या आईबापांचीच असतील. मग तीन वर्षांनी दोन्ही गटांचे अपघात राज्याच्या नोंदींतून काढावेत. आकडा 64वरून 20वर आला, तरी तो पक्का असेल.